चार चिपांचं घराणं

मायक्रोप्रोसेसरच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य ठरलेलं असतं: १९७१ साली इंटेलनं ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. पुढच्या ओळीत ८००८ येतो, मग ८०८०, ८०८५, ८०८६ आणि पान उलटायच्या आत पेंटियम. तंत्रनिकेतनात मी आधी ८०८५ शिकवला, अभ्यासक्रम बदलला तसा ८०५१ शिकवला, आणि हे वाक्य मुलांच्या उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षं वाचत आले. वाक्य खोटं नाही, पण त्यातून दोन गोष्टी गळतात आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे ४००४ कधीच एकटा नव्हता. तो चार चिपांच्या संचातला चौथा होता आणि संचातल्या सोबत्यांशिवाय त्याला फारसं काही करता येत नसे. दुसरी गोष्ट, ८००८ हा त्याचा मुलगा नव्हे. ४००४चा वंश वाढला, पण पुस्तकात रेघ ओढलेली असते त्या दिशेनं नाही.

त्या संचाचं नाव एमसीएस-४. ४००१ ही रॉम: प्रत्येकी ८ बिटांचे २५६ शब्द, कारखान्यातच मास्कनं कायमचे कोरलेले, आणि जोडीला बाहेरच्या जगाशी बोलायला चार तारांचं पोर्ट. ४००२ ही रॅम: ३२० बिट, आणि तिलाही चार तारांचं आउटपुट पोर्ट. ४००३ म्हणजे दहा बिटांचं साधं शिफ्ट रजिस्टर. एका तारेवरून एकामागून एक आलेले बिट दहा तारांवर मांडून देणारं. आणि ४००४ हा सीपीयू. चारही चिपा सोळा पिनांच्या. यातलं प्रत्येक टोक कुठून आलं हे शोधत गेलं की आपण एका हिशेबाच्या यंत्रापाशी पोचतो.

जपानमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस टेबलावरच्या कॅल्क्युलेटरांची जीवघेणी स्पर्धा चालली होती. शार्पनं अमेरिकेतल्या रॉकवेलकडून चिपा करून घेऊन १९६९ साली आपला छोटा कॅल्क्युलेटर आणला. निप्पॉन कॅल्क्युलेटिंग मशीन ही तुलनेनं लहान कंपनी. बिझिकॉम या नावानं तिचा माल विकला जाई. तिनंही अमेरिकेची वाट धरली आणि दोन ठिकाणी काम दिलं. मोस्टेकनं तिच्यासाठी एका चिपेतला साधा कॅल्क्युलेटर केला. इंटेलकडे आलं ते अधिक अवघड काम: कागदावर आकडे छापणारी, निरनिराळ्या धंद्यांना हवी तशी बदलता येणारी यंत्रं एकाच चिपसंचातून कशी काढायची?

या कामासाठी जून १९६९ मध्ये बिझिकॉमचे तीन अभियंते कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला आले. त्यांतले मासातोशी शिमा तेव्हा पंचविशीतले. शिझुओकाचे, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले, इलेक्ट्रॉनिक्सचा हिशेब नोकरीत शिकलेले. इंटेल निघून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी ती कंपनी मेमरी चिपा करायला काढली होती. गिऱ्हाइकाच्या आराखड्याप्रमाणे वेगवेगळ्या चिपा करून द्यायचा तिचा धंदाच नव्हता आणि तेवढी माणसंही नव्हती. शिमांच्या कागदांवर मात्र डझनाच्या घरात चिपा होत्या: एक कीबोर्ड बघणारी, एक प्रिंटर चालवणारी, एक दाखवायच्या आकड्यांची, एक दशमान बेरजेची, आणि असंच पुढे. प्रत्येक चिप निराळी, प्रत्येकीला भरपूर पिना.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण ती नेहमी बाजूला पडते. यंत्राचं वागणं रॉममध्ये ठेवलेल्या प्रोग्रामवर चालावं, ही कल्पना शिमांच्या मूळ आराखड्यात आधीच होती. रॉम बदलली की तेच हार्डवेअर दुसऱ्या मॉडेलसारखं वागेल, हा त्यांचा विचार. फक्त त्यांच्या आज्ञा मोठ्या आणि कॅल्क्युलेटरच्याच कामाच्या होत्या. इंटेलचे टेड हॉफ स्टॅनफर्डमध्ये डॉक्टरेट झालेले, हाताशी पीडीपी-८ हा लहान संगणक असलेले. अगदी थोड्या, साध्या आज्ञांवर तो संगणक किती काय करतो हे ते रोज पाहत होते. त्यांनी सुचवलं की आज्ञा याहून खालच्या पातळीवर न्या. सीपीयू बारीक, सर्वसाधारण ठेवा. कीबोर्ड बघणं, प्रिंटर चालवणं, दशमान गणित करणं हे सगळं प्रोग्राम करील. हार्डवेअर आटेल, मेमरी वाढेल. आणि मेमरी करणं हेच तर इंटेलचं काम होतं. सप्टेंबरमध्ये फेअरचाइल्ड कंपनीतून आलेले स्टॅन्ली मेझर त्यांच्या जोडीला बसले आणि दोघांनी शिमांशी चर्चा करत आज्ञांचा संच घडवला. ऑक्टोबरात बिझिकॉमच्या वरिष्ठांनी इंटेलचा प्रस्ताव स्वीकारला. फेब्रुवारी १९७० मध्ये करार झाला: विकासखर्चापोटी ६०,००० डॉलर, आणि या चिपा फक्त बिझिकॉमलाच विकायच्या.

मला त्या आराखड्यात सर्वांत जास्त भावतो तो पिनांचा हिशेब. आज शेकडो पिनांच्या चिपा पाहिलेल्या मुलांना हे खरं वाटत नाही, पण त्या काळी चिपेच्या सिलिकॉनइतकीच तिच्या सिरॅमिक खोक्याची किंमत डाचत असे, आणि इंटेलची मेमरी सोळा पिनांच्या खोक्यात जाई. चाचणीची यंत्रं, हत्यारं, सवयी, सगळं सोळाचं. म्हणून सीपीयूही सोळातच बसवायचा. यादी करून बघा. वीजपुरवठ्याच्या दोन, क्लॉकच्या दोन, रीसेट एक, सिंक एक, टेस्ट एक, रॉम निवडायची एक, रॅम निवडायच्या चार. या झाल्या बारा. उरल्या चार. या चार तारांवरून पत्ता जायचा, आज्ञा यायची, डेटा जायचा-यायचा.

पत्ता बारा बिटांचा, म्हणजे तो तीन हप्त्यांत पाठवायचा. आज्ञा आठ बिटांची, ती दोन हप्त्यांत आणायची. मग तीन ठोके अंमलबजावणीला. असं आठ ठोक्यांचं एक आवर्तन. क्लॉक जास्तीत जास्त ७४० किलोहर्ट्झ, आवर्तन १०.८ मायक्रोसेकंदांचं. घाटातल्या एकेरी पुलासारखा कारभार: एका वेळी एकाच बाजूची वाहतूक. पण पुलाच्या दोन्ही टोकांना शहाणी माणसं लागतात, आणि इथेच ‘संच’ या गोष्टीचं मर्म आहे. नेहमीच्या मेमरीला असा तुकड्यातुकड्यांचा पत्ता कळला नसता. ४००१ आणि ४००२ या मात्र सिंकच्या खुणेवरून स्वतःच ठोके मोजतात, आपल्याला उद्देशून आलेला पत्ता आपणच टिपून ठेवतात आणि ठरल्या ठोक्याला उत्तर देतात. कितवी रॉम आपण आहोत, हेसुद्धा ४००१च्या अंगावर मास्कनं कोरलेलं असे. सीपीयूमध्ये वाचवलेली जागा मेमरीत थोडं शहाणपण घालून मिळवली होती. त्यामुळे ४००४चं मोठेपण सांगताना ४००१ला वगळणं मला अन्याय वाटतो. जास्तीत जास्त सोळा ४००१ लावता येत, म्हणजे ४०९६ बाइटांचा प्रोग्राम; सोळा ४००२, म्हणजे ५१२० बिटांचा डेटा.

८०८५ शिकवताना दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचं की पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटा एकाच तारांवरून का, आणि एएलई नावाची ती खूण कशाला. उत्तर तेच: पिना वाचवायला. ही युक्ती ४००४मध्ये जितक्या टोकाला गेली होती तितकी नंतर क्वचितच गेली असेल.

आता रॅमकडे बघू. ४००२ची ३२० बिटांची मांडणी अशी: चार रजिस्टरं, प्रत्येकात सोळा मुख्य खाने आणि चार जादा खाने, प्रत्येक खाना चार बिटांचा. सोळाच का, आणि वर चार कशाला? सोळा खान्यांत एक सोळा अंकी दशमान संख्या बसते, एका खान्यात एक अंक. चार जादा खान्यांत त्या संख्येची चिन्हं, दशांश चिन्हाची जागा असल्या नोंदी. संगणकाची मेमरी म्हणून कुणी ही मांडणी केली नसती. हिशेबनीसाच्या डोक्यात संख्या जशी असते तशी ती सिलिकॉनमध्ये मांडली आहे. सीपीयू चार बिटांचा असण्याचं कारणही हेच: ० ते ९ पैकी एक अंक चार बिटांत मावतो. दोन आठ अंकी संख्यांची बेरीज ही यंत्रणा सुमारे ८५० मायक्रोसेकंदांत करी, एकेक अंक उजवीकडून डावीकडे, हातचा पुढे नेत, शाळेतल्या पाटीवर करतात त्याच पद्धतीनं.

४००४च्या ४६ आज्ञांत दोन आज्ञा मला विशेष प्रिय आहेत. पहिली डीएए. बेरीज द्विमान पद्धतीनं झाली आणि उत्तर ९च्या वर गेलं तर ते पुन्हा दशमानात बसवणारी. ही आज्ञा ८०८०मध्ये आणि तिथून ८०८५मध्ये आली, आणि आमच्या तोंडी परीक्षेत मुलांना हमखास अडवणारी ठरली. ती कशाला आहे हे नुसतं पाठ करून कळत नाही. छापणारा कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोर आणला की लगेच कळतं. दुसरी केबीपी, कीबोर्डसाठीची. बटणांच्या चार तारांपैकी पहिली तार चालू असेल तर ती १ देते, दुसरी असेल तर २, तिसरी असेल तर ३, चौथी असेल तर ४. एकही चालू नसेल तर ०, आणि एकाहून अधिक चालू असतील, म्हणजे दोन बटणं एकदम दाबली गेली असतील, तर १५. दुकानातल्या घाईत बोट घसरणार हे गृहीत धरून एक अख्खी आज्ञा सिलिकॉनमध्ये कोरलेली आहे.

आराखडा कागदावर सुंदर असला तरी चिप त्याच्यापासून फार दूर असते. करारानंतर इंटेलमध्ये या कामाला हात लावायला माणूसच नव्हता. एप्रिल १९७०च्या सुरुवातीला फेदेरिको फाजिन फेअरचाइल्ड सोडून इंटेलमध्ये रुजू झाले. व्हिचेन्झाचे, पादुआत भौतिकशास्त्र शिकलेले. त्याआधी, विशी गाठायच्या सुमारास, ओलिव्हेत्तीमध्ये त्यांनी एक लहान संगणक उभा केला होता. फेअरचाइल्डमध्ये त्यांनी सिलिकॉन गेटचं तंत्र विकसित केलं होतं. ट्रान्झिस्टरचं गेट धातूऐवजी सिलिकॉनचं केलं की ते आपोआप नेमक्या जागी बसतं, चिप आटोपशीर होते आणि वेगही वाढतो. २,३०० ट्रान्झिस्टर एवढ्याशा तुकड्यावर त्या वेगानं चालवणं या तंत्राशिवाय त्या काळात जमलं नसतं.

फाजिन आले आणि काही दिवसांतच शिमा जपानहून पुन्हा दाखल झाले. एव्हाना तर्करचना तयार असेल, ती तपासायची आणि परत जायचं, अशा समजुतीनं ते आले होते. तपासायला काहीच नव्हतं. मागच्या भेटीनंतर काम पुढे सरकलंच नव्हतं, आणि त्यांचा संताप रास्तच होता. फाजिन तर त्या जागेवर आठवड्याचेसुद्धा जुने नव्हते. पुढे जे झालं त्याला मी या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग मानते. शिमा परत गेले नाहीत. गिऱ्हाइकाचा माणूस पुरवठादाराच्या टेबलाशी बसला आणि ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, ४००४ची तर्करचना करण्यात आणि तपासण्यात फाजिन यांचा जोडीदार झाला. फाजिन स्वतः आठवड्याला सत्तर-ऐंशी तास राबत होते. चारही चिपांची मंडलं हातानं काढलेली. ती मोठ्या मापात लाल फिल्मवर सुरीनं कापून, तिचे फोटो लहान करत करत मास्क बनवलेले. संगणकावर चिप आखायची साधनं त्यांच्या हाती जवळजवळ नव्हतीच.

सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम ठेवला. १९७०च्या शरदात ४००१चे वेफर आले आणि चालले. मग ४००३ आणि ४००२. डिसेंबरच्या अगदी शेवटी ४००४चे पहिले वेफर आले आणि त्यांतली एकही चिप हालली नाही. फाजिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर उत्पादनातला एक थरच द्यायचा राहून गेला होता. जानेवारी १९७१ मध्ये नवे वेफर आले, आणि रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत एकट्यानं बसून त्यांनी ते तपासले. चालत होते. चिपेच्या एका कडेला त्यांनी ‘एफ. एफ.’ ही आपली आद्याक्षरं कोरून ठेवली होती. पुढे श्रेय कुणाचं यावर बरीच वर्षं वाद झाला, तेव्हा ही दोन अक्षरं साक्षीला उभी होती.

नावाचाही एक तपशील सांगण्याजोगा आहे. इंटेलच्या तेव्हाच्या क्रमांकपद्धतीनं या चार चिपांना १३०२, ११०५, १५०७ आणि १२०२ असे चार दिशांना तोंड केलेले आकडे मिळाले असते. फाजिन यांनी आग्रह धरला की या एका कुटुंबाच्या आहेत, तर आकड्यांतूनही ते दिसू दे. म्हणून ४००१ ते ४००४. घडवणाऱ्यालाच चारांचा संच हीच एक वस्तू वाटत होती. आपण नंतर त्यातला एक मोती उचलला आणि बाकीचे विसरलो.

ज्या यंत्रासाठी हे सगळं झालं ते बिझिकॉमचं १४१-पीएफ. त्यात एक ४००४, चार ४००१, दोन ४००२ आणि तीन ४००३. वर्गमूळ हवं असेल तर पाचवी ४००१ बसवायची. म्हणजे वर्गमूळ ही यंत्राची मोडतोड न करता वाढवता येणारी गोष्ट झाली. शिमांना नेमकं हेच हवं होतं. तीनपैकी एक ४००३ बटणांच्या ओळी पाळीपाळीनं चाळी, उरलेल्या दोन मिळून प्रिंटरच्या हातोड्यांना हुकूम पोचवीत. प्रिंटर शिनशू सेइकीचा, म्हणजे पुढे एप्सन नावानं जगभर गेलेल्या घरातला. त्याचा ड्रम सतत फिरता असे आणि त्यावर अंक कोरलेले. कुठला अंक समोर आला याची खूण ड्रमकडून सीपीयूच्या टेस्ट पिनेवर येई, आणि प्रोग्राम नेमक्या क्षणी हातोडा सोडी. टेस्ट पिनेचं काम डेटाशीटमध्ये एका ओळीत उरकलेलं असतं. तिच्यामागे असा फिरता ड्रम आहे.

आणि शिमांचा मूळचा मोठ्या आज्ञांचा विचार वाया गेला नव्हता. त्यांनी ४००४च्या बारीक आज्ञांत एक दुभाष्या प्रोग्राम लिहिला आणि त्यावर स्वतःच्या कॅल्क्युलेटरी आज्ञा चालवल्या. हजारभर बाइटांत कॅल्क्युलेटर बसला तो या युक्तीमुळे. हॉफ यांची सर्वसाधारण यंत्रणा आणि शिमांची खास आज्ञावली, दोन्ही एकाच रॉममध्ये एकमेकींवर उभ्या राहिल्या.

पण तोवर कॅल्क्युलेटरांचे भाव कोसळत चालले होते. बिझिकॉमनं १९७१ मध्ये इंटेलकडे चिपांची किंमत उतरवायची मागणी केली. फाजिन, हॉफ आणि मेझर आपल्या वरिष्ठांना सांगतच होते की या चिपा कॅल्क्युलेटरापुरत्या नाहीत; फाजिन यांनी तर कारखान्यातल्या चाचणीयंत्राचा नियंत्रक म्हणून ४००४ वापरूनही दाखवला होता. शेवटी सौदा झाला: किंमत कमी, त्या बदल्यात कॅल्क्युलेटर सोडून इतर कामांसाठी या चिपा कुणालाही विकायची इंटेलला मोकळीक. १५ नोव्हेंबर १९७१च्या ‘इलेक्ट्रॉनिक न्यूज’मध्ये जाहिरात आली आणि एमसीएस-४ जगासाठी खुला झाला. बिझिकॉमचं १९७४ साली दिवाळं निघालं. ज्या कंपनीच्या गरजेतून हे सगळं जन्मलं तिच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं, याची मला खंत वाटते.

विक्रीला काढल्यावर पहिली अडचण आली ती रॉमचीच. मास्कची रॉम करून घ्यायला वेळ लागतो आणि ती एकदाच कोरली जाते. नव्या माणसानं प्रयोग कसे करायचे? त्याच सुमारास इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी पुसता येणारी रॉम शोधली होती. तिची १७०२ ही चिप नेमकी २५६ बाइटांची, म्हणजे एका ४००१एवढी. ती जोडता यावी म्हणून आधी प्रयोगाचे बोर्ड निघाले आणि मग ४००८-४००९ ही चिपांची जोडी निघाली. तिचं मुख्य काम: तुकड्यातुकड्यांचा पत्ता गोळा करून साध्या मेमरीला कळेल असा मांडायचा. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या नौदलाच्या संस्थेत शिकवणारे गॅरी किल्डॉल अशाच संचावर खटपट करत इंटेलच्या कामात ओढले गेले. सीपी/एम ही संगणकप्रणाली पुढे त्यांनीच लिहिली. १९७४ मध्ये अमेरिकेत पिनबॉलच्या खेळाचं एक यंत्र ४००४वर चालवून दाखवलं गेलं. पायोनियर-१० या अवकाशयानात ४००४ होता अशी एक गोष्ट मात्र फार पसरली आहे आणि ती खरी नाही. या चिपेला त्या दागिन्याची गरजही नाही.

आता वंशाची गोष्ट. ८००८चा जन्म टेक्सासात सान अँटोनियोच्या कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनच्या एका टर्मिनलसाठी झाला. त्याच्या आज्ञा त्या कंपनीच्या व्हिक्टर पूर आणि हॅरी पाइल यांनी आखलेल्या, अक्षरं हाताळायला सोयीच्या, म्हणून आठ बिटांच्या. इंटेलमध्ये हॅल फीनी यांनी ते काम सुरू केलं, ते मध्येच थांबलं, आणि ४००४ संपवल्यावर फाजिन यांच्या देखरेखीखाली पुरं झालं. मंडलं आखायची पद्धत ४००४ची. आज्ञांचा सांगाडा सर्वस्वी वेगळा. ८००८मध्ये डीएए नाही, केबीपीचा तर प्रश्नच नाही. ८०८०, ८०८५, ८०८६ हे सगळे त्या टर्मिनलचे वंशज आहेत. ८०८० फाजिन आणि शिमा यांनीच केला, तेव्हा घडवणारे हात तेच, पण रक्त वेगळं.

मग ४००४चे वंशज कुठे? १९७४ मध्ये एमसीएस-४०, म्हणजे ४०४० आला: चोवीस पिना, साठ आज्ञा, इंटरप्ट, आणि दोन नव्या सोयी: रजिस्टरांचे दोन गट आलटून पालटून निवडायच्या आज्ञा आणि प्रोग्राम मेमरीचे दोन गट निवडायच्या आज्ञा. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० बाजारात आली; तिच्यात सीपीयू, रॉम आणि रॅम एकाच चिपेत होती. चार चिपांचा संच स्वस्ताईत तिच्यापुढे टिकणं अवघड होतं. इंटेलचं उत्तर १९७६ साली आलं. ८०४८: १,०२४ बाइटांची रॉम, ६४ बाइटांची रॅम, सत्तावीस तारांची पोर्टं, सगळं एका तुकड्यावर. त्याचा आज्ञासंच मी जेव्हा ४०४०च्या शेजारी ठेवून वाचला तेव्हा मला नातं स्पष्ट दिसलं. रजिस्टरांचे दोन गट आहेत, मेमरीचे दोन गट आहेत, प्रोग्राम आणि डेटा अजूनही वेगवेगळ्या घरांत राहतात, पत्ता ४०९६ बाइटांचाच आहे. टेस्ट पिनेच्या आता दोन झाल्या आहेत, टी-शून्य आणि टी-एक. रजिस्टर बदलत नेऊन ते शून्य झालं की पुढे सरकणारी ४००४ची आज्ञा इथे डीजेएनझेड झाली आहे. कुटुंबाचं नाव एमसीएस-४८. त्यानंतर १९८० मध्ये एमसीएस-५१, म्हणजे ८०५१.

महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हा शेवटचा आकडा सांगायला नको. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून त्याच कुटुंबातला ८९सी५१ आणायचा आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा: पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा, चौकातले सिग्नल चालवणारा, दाराला कुलूप घालणारा. बटणं चाळायची, दिवे लावायचे, मोटर योग्य क्षणी सोडायची. ही १४१-पीएफचीच कामं आहेत. डीएए तिथे आहे, अर्ध्या बाइटांची अदलाबदल करणाऱ्या आज्ञा आहेत. चार बिटांच्या दशमान अंकाची वस्ती अजून मोडलेली नाही. म्हणून मुलांना मी ४००४ सांगते तो ८०५१च्या तासाला, ८०८६च्या नव्हे.

दोन्ही घराणी एकत्र नांदताना बघायची असतील तर १९८१चा आयबीएम पीसी उघडावा. पेटीच्या आत ८०८८, सान अँटोनियोच्या टर्मिनलच्या वंशातला. वायरीच्या दुसऱ्या टोकाला कीबोर्डमध्ये ८०४८, कुठलं बटण दाबलं गेलं ते चाळत बसलेला.